तिखट खाली, पॉवर बँक वर, खोबरं घरी

नागपूरच्या घरातून कुणी विमानाने परगावी निघालं की बॅग भरण्याचं काम त्याच्या एकट्याकडे राहत नाही. मुलगा पुण्याला नोकरीवर परत चाललेला असो की लेक दोह्याला संसारात, आई भिवापुरी मिरचीचं तिखट बांधून देते, काकू सावजी मसाल्यासाठी सुकं खोबरं काढून ठेवते, आजीच्या देवाच्या पिशवीत कापराची डबी असतेच. जाणारा माणूस तेवढ्यात पॉवर बँक शोधत घरभर फिरत असतो. सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर पोचलं की या वस्तूंच्या वाटा वेगळ्या होतात. तिखट हातातल्या बॅगेत निघालं तर सुरक्षा तपासणीत काढून ठेवावं लागतं, कारण त्याची जागा खाली, विमानाच्या पोटात. पॉवर बँक खाली द्यायच्या बॅगेत दिसली तर बॅग बाजूला काढून मालकाला बोलावणं येतं, कारण तिची जागा वर, माणसांत. खोबऱ्याला आणि कापराला वर जागा नाही, खालीही नाही.

हे नियम पहिल्यांदा ऐकले की लहरी वाटतात. तिखटाने कुणाचं काय बिघडतं? पॉवर बँक जर धोक्याची, तर ती माणसांपासून लांब ठेवायची की त्यांच्या मांडीवर? पण या यादीच्या मागे एक विचार आहे, आणि तो कळल्यापासून मला बॅग भरण्याच्या कामात एक वेगळीच गोडी वाटू लागली आहे. जी वस्तू माणसाच्या हातात गेल्यावर घातक होते, ती माणसाच्या हातापासून तोडून खाली पाठवायची. जी वस्तू कुणी हात न लावता आपल्याआपण पेटू शकते, ती माणसाच्या डोळ्यांसमोर ठेवायची. आणि जी आपल्याआपण पेटते, तरी जवळ ठेवून काही फायदा नाही, ती विमानात घ्यायचीच नाही.

पहिल्या गटात सुरी, कात्री, स्क्रू ड्रायव्हर, क्रिकेटची बॅट येते, आणि त्यांच्याच रांगेत मिरची पावडर. डोळ्यांत फेकलेली मूठभर पूड काय करते हे नागपूरकराला सांगायला नको. कळमना बाजारात मिरचीच्या हंगामात नुसतं उभं राहिलं तरी ठसका लागतो. भिवापूर आपल्याच जिल्ह्यातलं, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिचा तोच गुण बंद केबिनमध्ये हत्यार ठरू शकतो. खाली मालाच्या कप्प्यात मात्र या सगळ्या वस्तू निरुपद्रवी होतात, कारण उड्डाणात तिथे हातच नसतो.

ही छाननी ज्या पडद्यावर होते तो एकदा नीट बघण्यासारखा आहे. आपली बॅग यंत्रातून सरकते तेव्हा तिच्यातून दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण जातात. कुठला पदार्थ कोणत्या ऊर्जेचे किरण किती अडवतो, यावरून तो हलक्या अणूंचा आहे की जड अणूंचा याचा अंदाज यंत्र बांधतं आणि त्याप्रमाणे रंग भरतं. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन असल्या हलक्या अणूंच्या वस्तू नारिंगी दिसतात, धातू निळे, आणि मधलं सगळं हिरवट. म्हणजे त्या पडद्यावर आपली संत्री खरोखरच संत्र्याच्या रंगाची असतात, पण पुस्तक, साबण, चिवडा आणि लाकडी देव्हाराही त्याच रंगाचे! स्फोटकंही बहुतेक सेंद्रियच, त्यामुळे तीही नारिंगी. बर्फीचा घट्ट, चौकोनी, सगळीकडे सारख्या घनतेचा ठोकळा पडद्यावर आला की तपासणारा थबकतो आणि बॅग उघडायला सांगतो, त्याचं कारण हे. त्याला बर्फीची चव घ्यायची नसते. घनता आणि रंग एवढ्या दोनच खुणांवरून त्याला काही सेकंदांत ठरवायचं असतं, आणि दिवसभरात असे निर्णय त्याला शेकड्यांनी घ्यावे लागतात.

आता पॉवर बँक. सगळ्यात नवल इथेच आहे.

लिथियम आयन बॅटरीच्या आत दोन ध्रुवांमध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो आणि भोवती ज्वालाग्राही द्रव. बॅटरी चेपली, आपटली, तिच्या बनावटीत खोट राहिली किंवा ती जास्त चार्ज झाली, की तो पडदा फाटतो. ध्रुव एकमेकांना भिडतात, उष्णता होते, त्या उष्णतेने आतली रसायनं मोडू लागतात, मोडताना आणखी उष्णता आणि थोडा ऑक्सिजनही सोडतात. एक सेल पेटला की शेजारचा तापतो, मग त्याच्या पलीकडचा. फटाक्यांची माळ एका टोकाला पेटवल्यावर मधेच कुठे थांबत नाही, तसंच हे.

आता हीच गोष्ट विमानाच्या पोटात, दोनशे बॅगांच्या ढिगाखाली घडते आहे असं समजा. तिथे धूर ओळखणारी यंत्रं असतात, आणि धूर दिसला की वैमानिक एक बटण दाबून सगळा कप्पा हॅलॉन नावाच्या वायूने भरून टाकतो. ही सोय सगळीकडे आली त्याला एका भयंकर अपघाताचं कारण आहे. ११ मे १९९६ रोजी अमेरिकेत फ्लोरिडामध्ये व्हॅल्यूजेटचं विमान दलदलीत कोसळलं आणि ११० जण गेले. त्याच्या मालकप्प्यात ऑक्सिजन तयार करणारी जुनी उपकरणं चुकीच्या पद्धतीने बांधून ठेवली होती. तेव्हाची समजूत अशी की कप्पा हवाबंद असला की आत लागलेली आग ऑक्सिजन संपून आपोआप विझेल. पण ती उपकरणं स्वतःच ऑक्सिजन सोडत होती. त्यानंतर अशा कप्प्यांत धूर ओळखणारी आणि आग दाबणारी यंत्रणा सक्तीची झाली.

हॅलॉन कपड्यांची, पुठ्ठ्याची, लाकडाची आग दाबतो. बॅटरीच्या बाबतीत तो वरची ज्वाळा विझवतो खरा, पण सेलच्या आतली उष्णता उतरवू शकत नाही. ज्वाळा विझलेला सेल तापतच राहतो आणि शेजाऱ्याला पेटवतो. त्यावर उतारा एकच, गार करणं, म्हणजे पाणी ओतणं. केबिन क्रूला शिकवतात तेही हेच: आधी अग्निशामकाने ज्वाळा विझवायची, मग पाणी किंवा मद्य नसलेलं कुठलंही पेय हाताला लागेल ते त्या बॅटरीवर ओतत राहायचं. इतक्या तंत्रज्ञानाने भरलेल्या यंत्रात शेवटचा भरवसा पाण्याच्या बाटलीवर आणि ती ओतणाऱ्या हातावर! विमानाच्या पोटात कुणी बाटली घेऊन उतरू शकत नाही, म्हणून पॉवर बँक वर. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएस कंपनीच्या मालवाहू बोइंग ७४७ मध्ये आग लागली. त्या मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या संख्येने होत्या. दोन्ही वैमानिक मरण पावले. पुढे १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून लिथियम आयन बॅटऱ्यांचा सुटा माल नेणं जगभर बंद झालं.

वर न्यायची तरी मर्यादा आहेच: १०० वॅट-तास. आपल्या पॉवर बँकेवर आकडा असतो मिलिअँपिअर-तासांचा, पण हिशेब सोपा आहे. २०,००० ला सेलच्या ३.७ व्होल्टने गुणा, १००० ने भागा, ७४ येतात. चालते. २७,००० ला जेमतेम १००. ३०,००० वाली १११ वर जाते आणि तिला विमान कंपनीची परवानगी लागते. १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. आणि ज्या पॉवर बँकेवरचा आकडा पुसून गेला आहे तिची क्षमता तपासणाऱ्याने कशावरून मानायची? म्हणून ती अडवतात. माझं तर स्पष्ट मत आहे, फुगलेली, पडून चेपलेली किंवा नाव-गाव नसलेली पॉवर बँक घरीसुद्धा उशाशी ठेवू नये, विमानात तर नाहीच. आणि वर नेलेली पॉवर बँक बॅगेच्या तळाशी कपड्यांत गुंडाळून सामानाच्या कप्प्यात कोंबली, तर ती वर ठेवण्याचा हेतूच हुकतो. ती दिसेल अशी, हाताशी हवी.

खोबऱ्याची गोष्ट याहून जुनी आणि माझ्या मते याहून सुंदर. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असतं. तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग होतो आणि त्यात थोडी थोडी उष्णता निघते. डब्यातल्या चार वाट्यांची उष्णता कधीच उडून जाते. पण पोत्यांच्या थप्पीत, वारा न लागणाऱ्या जागी, जरा ओलही धरली असेल तर ती उष्णता साचत जाते, साचलेल्या उष्णतेने संयोग वेगाने होतो, आणि एका क्षणी पोतं ठिणगीशिवाय पेट घेतं. त्यामुळे घातक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत सुक्या खोबऱ्याला स्वतःचा क्रमांक आहे, १३६३, आणि वर्ग ४.२, म्हणजे ‘आपोआप पेटणारे पदार्थ’. डब्यातल्या चार वाट्या पेटणार नाहीत हे तपासणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण चार वाट्या आणि चाळीस वाट्या यांत रेघ कुठे ओढायची, आणि ती प्रत्येक बॅगेपाशी कोण मोजत बसणार? म्हणून आपल्याकडच्या विमान कंपन्या सरसकट नाही म्हणतात. कापूर त्याच यादीत शेजारच्या वर्गात, सहज पेटणाऱ्या घन पदार्थांत बसतो. पाणी असलेल्या नारळाची गोष्ट निराळी. शबरीमलाच्या यात्रेकरूंना २०२४ च्या ऑक्टोबरात इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ तपासणी करून केबिनमध्ये न्यायला खास परवानगी मिळाली होती, तीही यात्रेचा हंगाम संपेपर्यंत, २० जानेवारी २०२५ पर्यंतच.

आमच्या वहिनींनी एकदा सासूबाईंना हे सगळं समजावून सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, मग म्हणाल्या, “अवो, मग मसाला इथंच भाजून, कुटून देऊ नं बाप्पा! खोबरं कशाला न्यायचं?” तेव्हापासून त्या घरचा मसाला तयार होऊनच जातो, आणि खालच्या बॅगेतून जातो.

त्या खालच्या बॅगेचं पुढे काय होतं? पुष्कळांना वाटतं की विमानाच्या पोटात हवा विरळ असते आणि सामान गोठून जातं. गारवा असतो, पण हवेचा दाब वर आपल्याभोवती असतो तेवढाच खालीही असतो, आणि तो असावाच लागतो. विमानाचं धड म्हणजे एक गोल नळी, आणि गोल नळी आतला दाब चांगला पेलते. प्रवाशांच्या पायाखालची जमीन मात्र त्या नळीच्या मधोमध टाकलेली सपाट फळी. वर दाब आणि खाली पोकळी अशी अवस्था झाली, तर उंचीवर त्या फळीच्या एकेका चौरस मीटरवर पाच-साडेपाच टनांचा भार येईल. हे ३ मार्च १९७४ रोजी खरंच झालं. पॅरिसहून निघालेल्या टर्किश एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचा मालकप्प्याचा दरवाजा हवेत उडाला, खालचा दाब एकदम गेला, वरची जमीन खचली आणि तिच्याखालून शेपटीकडे जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा तुटल्या. ३४६ माणसं गेली. त्यानंतर मोठ्या विमानांच्या जमिनीत हवा झटकन वरून खाली जाऊ शकेल अशा वाटा ठेवायला लागले. पायाखालच्या गालिच्याकडे मी हल्ली जरा वेगळ्या नजरेने बघतो.

दाब वर-खाली सारखा असला तरी तो नागपूरच्या दाबाएवढा नसतो. उंचीवर गेलेल्या विमानातली हवा साधारण आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असते तितकी विरळ ठेवतात. त्यामुळे नागपुरात बंद केलेल्या पाकिटातली हवा जवळपास तिसऱ्या हिश्शाने फुगायला बघते. चिवड्याचं पाकीट टम्म होतं ते यामुळे. लोणच्याची बरणी काचेची, ती फुगू शकत नाही, मग आतली हवा झाकणाच्या फटीतून तेल बाहेर ढकलते. म्हणून अर्धी भरलेली बरणी काठोकाठ भरलेल्या बरणीपेक्षा जास्त गळते: ढकलायला हवा तिच्यात जास्त असते. लोणचं पाठवायचं तर लहान बरणी घ्यावी, गच्च भरावी आणि खालच्या बॅगेत द्यावी. परदेशी निघालेल्या माणसाने ते वर न्यायचा विचारही करू नये. १० ऑगस्ट २००६ ला ब्रिटनमध्ये पेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं विमानांत नेण्याचा कट उघडकीला आला, आणि त्यानंतर आलेल्या नियमाने आंतरराष्ट्रीय उड्डाणांत हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वरची बाटली बहुतेक ठिकाणी चालत नाही. त्या हिशेबात लोणचं, तूप आणि श्रीखंड ही सगळी द्रवंच. नागपूर ते पुणे मात्र पाण्याची बाटली खुशाल घेऊन बसता येतं.

वजनाचे आकडे सगळ्यांना पाठ असतात. देशांतर्गत स्वस्त तिकिटावर खाली बहुधा १५ किलो, वर एकच बॅग आणि ७ किलो. पण त्यांचा गुणाकार कुणी करत नाही. १८० आसनांचं विमान भरलं तर डोक्यावरच्या कप्प्यांत साडेबाराशे किलो सामान टांगलेलं असतं. हे कप्पे पूर्वी नव्हते, होत्या त्या टोपी आणि कोट ठेवायच्या उघड्या फळ्या. चाकांची बॅगही तशी अलीकडची. बर्नार्ड सॅडो यांना अमेरिकेत चाकांच्या बॅगेचं पेटंट मिळालं ते १९७२ मध्ये, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर. उभी धरून ओढायची, लांब दांड्याची बॅग तर १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकाने बनवली, ती वैमानिक आणि हवाई सुंदरींच्या हातात बघून प्रवाशांना हवीशी वाटली, आणि सगळं सामान वरच न्यायची हौस तिथून वाढली.

या आकड्यांतला मला सगळ्यात माणसाचा वाटणारा आकडा ३२. एका बॅगेचं वजन ३२ किलोच्या वर गेलं तर कितीही पैसे मोजा, ती बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, दोन बॅगा करायला लावतात. विमानाला ३३ किलो झेपत नाहीत असं थोडंच आहे? ही मर्यादा माणसाच्या कमरेची आहे. आपल्याकडच्या लहान विमानांत पट्ट्यावरून बॅग वर चढते, आणि आत एक माणूस गुडघ्यांवर बसून ती ओढून घेतो, वळवतो आणि भिंतीशी रचतो. त्या कप्प्यात ताठ उभं राहता येत नाही. नागपूरच्या मे महिन्यात, धावपट्टीकडून भट्टीसारखी धग येत असताना, धातूच्या त्या बोगद्यात हा माणूस एकामागून एक बॅगा लावत असतो, आणि लावतो तेही हिशेबाने. पुढच्या कप्प्यात किती आणि मागच्या कप्प्यात किती हे आधी ठरलेलं असतं, कारण वजन जरा मागेपुढे झालं की विमानाचा तोल बदलतो आणि उड्डाणासाठी शेपटीची पातळी त्याप्रमाणे लावावी लागते. यातलं गमतीचं असं की बॅग किलोकिलोने तोलली जाते, पण माणूस तोलला जात नाही. त्याचं सरासरी वजन गृहीत धरून तक्ता भरतात. आपल्या नियमांत प्रौढ माणसाला ७५ किलो धरायची पद्धत आहे.

खाली दिलेल्या बॅगेची ओळख म्हणजे तिच्या दांडीला गुंडाळलेली ती लांब चिठ्ठी. तिच्यावर दहा आकडे असतात. पहिला आकडा चिठ्ठीच्या प्रकाराचा, पुढचे तीन विमान कंपनीचे (इंडिगो ३१२, एअर इंडिया ०९८), आणि शेवटचे सहा खास तुमच्या बॅगेचे. वाटेतलं प्रत्येक यंत्र तेवढेच आकडे वाचतं. मालकाचं नाव त्याला कळत नाही आणि लागतही नाही. म्हणूनच मागच्या प्रवासाची चिठ्ठी आणि बॅगेवर चिकटवलेले छोटे तुकडे काढून टाकावेत. यंत्राने जुनी चिठ्ठी वाचली तर बॅग गोंधळात पडते. २००७ मध्ये जगभरात दर हजार प्रवाशांमागे जवळपास १९ बॅगा चुकत किंवा उशिरा येत होत्या. २०१८ च्या जूनपासून विमान कंपन्यांना प्रत्येक बॅगेची नोंद चार ठिकाणी ठेवावी लागते: हातात घेताना, विमानात चढवताना, एका विमानातून दुसऱ्यात देताना आणि परत करताना. २०२४ पर्यंत ते प्रमाण हजारी ६.३ वर आलं. जे चुकतं ते सगळ्यात जास्त तिसऱ्या ठिकाणी, विमान बदलताना.

आणि सामान एका विमानातून दुसऱ्यात देण्याचं काम आपल्या सोनेगावने एके काळी रोज रात्री केलेलं आहे. याची आठवण शहराने जितकी ठेवायला हवी तितकी ठेवलेली नाही, असं मला मनापासून वाटतं.

१९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई डाक सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून संध्याकाळच्या टपालाच्या थैल्या घेऊन विमानं निघायची आणि मध्यरात्रीनंतर नागपूरला येऊन उतरायची. चार शहरं, आणि प्रत्येकाकडे बाकी तिघांची पत्रं, म्हणजे बारा प्रकारच्या थैल्या. शहराला शहर थेट जोडायचं तर सहा मार्ग लागले असते. नागपूर मध्ये धरलं की चारच पुरले. इथून कुठलंही शहर हवाई अंतराने सातशे ते हजार किलोमीटरच्या आत, त्यामुळे कुणालाच फार थांबावं लागत नसे. अंधारात, दिव्यांच्या उजेडात थैल्या एका विमानातून उतरत, दुसऱ्यात चढत, आणि विमानं पुन्हा चार दिशांना निघून सकाळपर्यंत पोचत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटलं जाई. आधी डकोटा, पुढे स्कायमास्टर विमानं. थैल्यांबरोबर प्रवासीही असत, आणि अपरात्री नागपूरला उतरून पाय मोकळे करत. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाल्यावर इंडियन एअरलाइन्सने ही सेवा पुढे नेली. तिने किंमतही मोजली आहे. १२ डिसेंबर १९५३ ला मद्रासकडे निघालेलं डाकेचं डकोटा नागपूरहून उडताच कोसळलं, १३ जण गेले आणि वैमानिक तेवढा वाचला.

शून्य मैलाचा दगड बघायला पाहुण्यांना आपण हौसेने नेतो. पण देशाच्या मध्यावर असण्याचा खरा उपयोग झाला तो या रात्रीच्या धावपट्टीवर. अमेरिकेत फेडेक्सने मेम्फिस शहर मध्ये धरून रात्रीत पार्सलं पोचवायला सुरुवात केली ती १७ एप्रिल १९७३ ला. पहिल्या रात्री १४ विमानं आणि १८६ पार्सलं होती. ती पद्धत आज जगभरच्या व्यवस्थापन शाळांत शिकवतात. नागपूरने तोच विचार चोवीस वर्षं आधी डकोटावर अमलात आणला होता. आज नागपूरहून मुंबईमार्गे अमेरिकेला जाणारी बॅग मुंबईत विमान बदलते, तेव्हा तिच्यासाठी चालणारं काम त्या थैल्यांच्याच जातीचं असतं. फरक इतकाच की थैलीबरोबर तिचा मालक नसे, आणि बॅगेबरोबर असावा लागतो.

तो का असावा लागतो हे आपल्या देशाने फार भयंकर रीतीने शिकलं आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोट होऊन कोसळलं, ३२९ माणसं गेली. स्फोटकाची बॅग व्हँकुव्हरला दुसऱ्या कंपनीच्या विमानात दिली गेली आणि टोरंटोला एअर इंडियाच्या विमानात चढली. ती देणारा माणूस कुठल्याच विमानात बसला नाही. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर अशीच दुसरी बॅग फुटली आणि सामान उतरवणारे दोन कामगार ठार झाले. तीही एअर इंडियाच्याच विमानात चढायची होती. पुढे नियम पक्का झाला की मालक विमानात नसेल तर त्याची बॅगही जाणार नाही. विमान सुटायची वेळ झाली, दरवाजा बंद व्हायचा, आणि एक प्रवासी आलाच नाही, तर खाली तो गुडघ्यांवरचा माणूस रचलेल्या थरांतून दहा आकड्यांवरून ती एकच बॅग शोधून काढतो. उशीर होतो, प्रवासी चडफडतात. त्या अर्ध्या तासाबद्दल तक्रार करायला माझा जीव होत नाही.

मग वर काय आणि खाली काय? थेट उड्डाण असेल, दोन-तीन दिवसांचं काम असेल, तर सात किलोंत भागवून वरच न्यावं, उतरल्यावर पट्ट्यापाशी ताटकळायला नको. विमान बदलायचं असेल आणि मधे वेळ बेताचा असेल, तर दुसऱ्या दिवशी लागणारा कपड्यांचा एक जोड वर ठेवून बाकी निर्धास्त खाली द्यावं. परदेशाहून मुंबई किंवा दिल्लीमार्गे नागपूरला येताना हे मात्र ध्यानात हवं की चिठ्ठी नागपूरची असली तरी साधारणपणे देशात पहिल्यांदा उतरलात तिथेच बॅग घेऊन कस्टममधून न्यावी लागते आणि पुन्हा द्यावी लागते; ती आपोआप पुढे जाईल असं समजून बसलेले लोक मोकळ्या हातांनी सोनेगावला उतरतात. दोहा किंवा शारजाहून थेट येणाऱ्यांना ही अडचण नाही. संत्री पुण्याला कशीही न्या, पण अमेरिकेला नेऊ नका: तिथल्या बागांना फळमाशी आणि लिंबूवर्गीय झाडांच्या रोगांची इतकी धास्ती आहे की ताजी फळं उतरल्या उतरल्या काढून घेतात.

औषधं, कागदपत्रं आणि दागिने वर न्यावेत हे सगळेच सांगतात, आणि ते खरंच आहे. पण सगळं वरच्या बॅगेतही कोंबू नये. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. छोट्या विमानातले पाच जण गेले, पण मोठ्या विमानातले सगळे ३७९ जण घसरगुंड्यांवरून बाहेर पडले. क्रूने ओरडून सांगितलं होतं की सामान घेऊ नका, आणि लोकांनी वरचे कप्पे उघडले नाहीत. विमान जळून खाक झालं. नवं विमान वापरात येण्याआधी, निम्मीच दारं वापरून भरलेली केबिन ९० सेकंदांत रिकामी होते हे दाखवावं लागतं, आणि त्या हिशेबात बॅग काढायला एक सेकंदही धरलेला नसतो. म्हणून विमान उडताना आणि उतरताना पासपोर्ट, फोन आणि रोजची लागणारी गोळी खिशात किंवा गळ्यातल्या छोट्या पाकिटात असावी, डोक्यावरच्या बॅगेत नको.